गुंठ्यात न मावणारी वाडी

३ जून २०२०, रात्री

मेणबत्तीच्या उजेडात लिहिते आहे. वीज सकाळीच गेली, मोबाइलला रेंज नाही. वादळाची सूचना कालपासून लाउडस्पीकरवरून देत होते. होड्या वर ओढल्या होत्या, समुद्रालगतच्या घरांतली माणसं आधीच हलवली होती. आमच्या आळीतली सगळी माणसं सुखरूप आहेत, हे आधी लिहून ठेवते.

अकरानंतर वारा असा सुटला की ओटीवर उभं राहता येईना. सासूबाईंना धरून माजघरात बसलो. आधी कौलं गेली, मग रिपा, मग पडवीचे पत्रे. पत्रा उडतो तेव्हा त्याचा आवाज लांब जात जात विरतो; पोफळ मोडते ती मात्र एकदाच, काडकन. त्या आवाजांची मोजदाद सासूबाईंनी मनाशी सुरू केली होती. थोड्या वेळाने त्यांनी ती सोडून दिली आणि कानांवर पदर घेतला. दुपार कलली तेव्हा वारा उतरला. मागचं दार उघडलं तर वाडीपलीकडचा समुद्र दिसला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमच्या मागच्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता.

४ जून

वाडीत पाऊल टाकायला जागा नाही. पोफळीवर पोफळ, त्यावर माड, मध्ये आंब्याची फांदी. विहिरीत झावळ्या आणि पंपाच्या खोलीचं छप्पर. पाटाची वाट कुठली तेही कळेना.

माड बहुतेक मुळासकट उपटून आडवे झाले आहेत. पोफळी मात्र मध्येच मोडल्या आहेत, छातीच्या उंचीवर, काही त्याहून वर. मोडलेल्या जागी आतला पांढरा, ओला गाभा दिसतो आणि बाहेरच्या कडक शिरा उभ्या चिरलेल्या. आंबा, फणस मोडला तर खालून फुटवे येतात. पोफळीला शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं. उभा राहिलेला तो बुंधा आता फक्त कापायचा.

५ जून, वटपौर्णिमा

शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर बातमी ऐकली. वादळ परवा दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आज अलिबागला आले होते, रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर झाली.

आजची गरज ताडपत्रीची. बाजारात मिळत नाही, मिळते तिथे दुप्पट भाव. लॉकडाऊनमुळे माल आधीच कमी, त्यात साऱ्या तालुक्याची छपरं एका दुपारी उघडी पडलेली. एरवी असं काही झालं असतं तर मुंबईची पोरं रात्रीच्या गाडीने येऊन छपरावर चढली असती. या वेळी कोरोनामुळे तीही अडकली आहेत. धाकट्या भाऊजींचा फोन एकदाच लागला. ते रडत होते, मीच त्यांना समजावलं.

९ जून

पंचनामा झाला. आलेला मुलगा तरुण होता, सकाळपासून उपाशी. त्याला चहा दिला. त्याने घराचे फोटो घेतले, भिंती उभ्या आहेत म्हणून ‘अंशतः नुकसान’ लिहिलं. ते खरंच आहे. आत मात्र तांदळाची कणगी, गाद्या, लाकडी कपाटं, फोटो, सगळं भिजलं आहे.

मग वाडीकडे वळलो.

“काकू, क्षेत्र किती?”

“बारा गुंठे. पण झाडं मोजा ना. तीनशेच्या वर पोफळी होत्या.”

“मदत क्षेत्रावर आहे, काकू. झाडांवर नाही.”

त्याचा दोष नाही. त्याला जो नमुना दिला तो त्याने भरला. पण हा नमुना ज्याने केला त्याने कोकणातली वाडी पाहिलेली नाही, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे. देशावरच्या शेतात एका क्षेत्रात एक पीक असतं. इथे वर माड, त्याच्याखाली पोफळ, पोफळीवर चढवलेली मिरी, सावलीत जायफळ, पाटाच्या कडेला केळ. बारा गुंठ्यांत पाच पिकं एकावर एक उभी असतात. त्यावर दोन-तीन पिढ्यांचं घर चालतं.

११ जून

पाऊस आला. हर्णैपर्यंत मान्सून पोहोचल्याची बातमी आहे. कौलांच्या जागी ताडपत्री, तीही एका टोकाला फाटकी. रात्रभर पातेली सरकवत होतो.

मंत्रिमंडळाचा निर्णय कळला. फळबागांना हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार, दोन हेक्टरपर्यंत. पूर्ण पडलेल्या घराला सुमारे ९५ हजारांऐवजी दीड लाख. मदत वाढवली, हे चांगलंच झालं, ते मी नाकारत नाही. पण हिशेब करून पाहिला. हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे. गुंठ्याला ५०० रुपये. आमच्या बारा गुंठ्यांचे ६ हजार. पडलेली झाडं कापून बाहेर काढायला यंत्रवाल्याने जे सांगितलं ते त्याहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे नवीन लावण्याची गोष्ट दूर, नुसती जमीन मोकळी करायलाही हे पुरत नाही.

आणि हे ६ हजारही सहज मिळणारे नाहीत. सातबारा सामाईक. त्यावर यांचं नाव, दोन्ही भाऊजींची, आत्याबाईंची, शिवाय वारलेल्या काकांचंही. सगळ्यांचं संमतीपत्र पाहिजे. आत्याबाई ठाण्यात, त्यांची इमारत कोरोनामुळे सील. सही कुठून आणायची?

२८ जून

वीज अजून नाही. विजेचे खांब रांगेने पडले आहेत, बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं येऊन ते उभे करत आहेत, भर पावसात. त्यांना गावाने जेवण दिलं.

वाचलेल्या जायफळांची आज पाहणी केली. वादळात ती टिकली, पण डोक्यावरची सावली गेली. पाऊस उघडला की ऊन सरळ पडतं आणि पानं कडेने करपायला लागतात. पंचनामा झाल्यानंतर मरणारी ही झाडं कुठल्या कागदावर येणार? शेजारच्या दादांनी सांगितलं तसं आधी केळी लावायला घेतल्या. केळी वाढल्या की त्यांच्या सावलीत पोफळीची रोपं. रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षं. माडाचंही तेच. सासूबाई रोपांच्या खड्ड्यांवर स्वतः उभ्या राहून अंतर मोजून देत होत्या. त्यांचं वय ८१.

३ जून २०२१

मधल्या काळात सरकारने झाडामागे मदतीचा निर्णय घेतला, पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. त्यासाठी कोकणातून खूप मागणी झाली होती. झाड मोजलं गेलं, हा मी मोठा बदल मानते. पन्नास रुपयांत मात्र सात वर्षांचं उत्पन्न भरून येत नाही. उभ्या झाडाचं वय आणि नव्या झाडाला फळ येईपर्यंतची वर्षं धरूनच मदत ठरली पाहिजे. गेल्या महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यात आमच्या अर्ध्या केळी पडल्या. पोफळीची रोपं उभी आहेत, गुडघ्याएवढी.

वाडीवाल्यांना माझं सांगणं आहे. सातबारा काढून बघा, झाडांची नोंद नसेल तर ती लावून घ्या. माड, पोफळी, जायफळं मोजून वहीत लिहा, तारीख दिसेल असे फोटो काढा आणि ते मुंबईच्या नातेवाइकांकडेही पाठवून ठेवा. खातं सामाईक असेल तर वारस नोंदी आणि संमतीपत्राचं काम या गणपतीला, सगळे घरी जमतील तेव्हाच, उरकून टाका.