तांबडी

ग्रानादा, मंगळवार रात्र

ती. नाना,
संध्याकाळी सुखरूप पोचलो. जेवायला भात मिळाला, वहिनींना काळजी करू नका म्हणावं.

बसमध्ये चालकाला 'अल्हंब्रा' म्हणालो, त्याला उमगेना. मागच्या बाईंनी सांगितलं, 'अलांब्रा'. इथे ह लिहितात, उच्चारत नाहीत. उतरून समोरच्या टेकडीवर गेलो. मध्ये दारो नदीची घळ, पलीकडे अलांब्रा किल्ल्याचा लांबच लांब तट, मागे बर्फाचे डोंगर. ऊन उतरलं तसा तट विटेसारखा लाल झाला. अंधार पडेपर्यंत तिथून हललो नाही.

ग्रानादा, बुधवार

ती. नाना,
आज आत जाऊन आलो. सिंहांचा चौक, संगमरवरी खांब, छतांची नक्षी, सगळं पाहिलं. आपल्या खानदेशात थाळनेरला फारुकी सुलतान नांदायला लागले त्याच सुमाराचं, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम. पण तुम्हाला लिहायचंय ते भिंतीबद्दल.

तट पुष्कळसा मातीचा आहे. फळ्यांचे साचे लावायचे, आत टेकडीचीच लाल माती, चुना नि बारीक गोटे ओतून कुटायचे, मग साचा वर सरकवायचा. गिलावा उडालाय तिथे थरांच्या आडव्या रेघा आणि लाकडं खुपसल्याची भोकं स्पष्ट दिसतात. माती गंजासारखी लाल. आपल्या काळ्या रानातल्या माणसाची नजर तिच्यावर ठरतेच.

नाव या रंगाचंच. अरबीत अहमर म्हणजे तांबडा, हम्रा म्हणजे तांबडी. 'अल्' म्हणजे नुसतं बोट दाखवणं. पूर्ण नाव अल्-कलआ अल्-हम्रा. त्यातला कलआ म्हणजे आपला किल्लाच, फक्त अरबीत तो स्त्रीलिंगी, आपल्या गढीसारखा. बोलता बोलता गढी गळाली, तांबडी उरली. आपण नाही का रानाला नुसतं 'काळी' म्हणत नि गावठाणाला 'पांढरी'?

मग हम्राचं हंब्रा कसं झालं? म आणि र शेजारी आले की ओठ उघडताना मध्ये ब उमटतो. आम्राचा आंबा तसाच झाला, ताम्राचं तांबं तसंच. आपल्याकडे पुढे र झिजला, ब राहिला. आणि तांब्यावरूनच तांबडा! म्हणजे इथल्या लोकांनी त्यांच्या लाल रंगाच्या शब्दात जो ब घातला, तोच आपल्या पूर्वजांनी आपल्या शब्दात घातला. हे लक्षात आलं तेव्हा तटाखालच्या कट्ट्यावर कितीतरी वेळ बसून राहिलो. नाना, एकदा 'हम्रा' मोठ्याने म्हणून पाहा.

कुणी म्हणतं, नाव इथल्या राजवंशाच्या मूळपुरुषावरून पडलं. त्याला इब्न अल्-अहमर म्हणत, तो १२३८ मध्ये ग्रानादात आला. कुणी रात्री मशालींच्या लाल उजेडात केलेल्या बांधकामाकडे बोट दाखवतं. पण तांबड्या किल्ल्याचा उल्लेख नवव्या शतकापासून सापडतो. मला मातीचंच खरं वाटतं.

१४९२ मध्ये या राजवंशाचं राज्य गेलं. जिंकणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी मशिदीच्या जागी चर्च बांधलं, मधोमध नवा राजवाडा उठवला, नाव मात्र अरबीच ठेवलं. फक्त नावाआधी स्वतःचा 'ला' लावला. त्याचाही अर्थ 'अल्'सारखाच, म्हणजे बोट दोनदा दाखवून झालं. आपल्याकडे मात्र अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर मुलाच्या, दानियालच्या नावावरून खानदेशाचा दानदेश केला होता. ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

इकडे पुढे अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगच्या १८३२ च्या पुस्तकाने हे नाव जगभर नेलं. लंडनच्या एका नाट्यगृहाला ते दिलं, कॅलिफोर्नियातल्या एका गावालाही. तिथे ऐकणाऱ्याला वैभव आठवत असेल, माती नाही. याचं मला वाईट वाटतं.

कोर्दोबा, शुक्रवार

ती. नाना,
घाईत लिहितोय. अलांब्रातल्या जुन्या बालेकिल्ल्याला अल्कासाबा म्हणतात, तो आपला कसबा. कापसाला अल्गोदोन, हेही अरबीच. जळगावला ताईला सांगा, तिला आवडेल.

आणि पाट! दारो नदीला वर बांध घालून डोंगराच्या कडेकडेने पाणी राजवाड्यापर्यंत आणलंय. पाटाला असेकिया म्हणतात. बागेत त्याच्या काठाने चाललो. हातभर रुंद, नितळ, न थांबता वाहणारं. डोळ्यांसमोर आपला फड आणि खांद्यावर फावडं टाकून निघालेला पाटकरी आला.

पांझरेचा बंधारा भरला का? पाटाला पाणी कधी सुटणार, ते उलट टपाली कळवा.

आपला,
बापू