माळकरी सासूबाई आणि रानची सागुती

मुलुंडला आमची चाळ अगदी डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावरून पार बोरिवलीपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान पसरले आहे. रात्री कुत्री भुंकू लागली की समजावे, रानडुकरे कचऱ्याच्या ढिगावर आली.

काही वर्षांपूर्वी शिमग्याला धाकट्या भावजींनी कुठूनशी रानडुकराची सागुती आणली. 1972 च्या कायद्याने ही शिकार गुन्हा, हे त्यांनाही ठाऊक होते. सासूबाई माळकरी, म्हणून मी घरात घेऊ दिली नाही. मग मित्रमंडळींनी मागच्या अंगणात निखाऱ्यावर भाजून खाल्ली. आतून लालच होती.

"रानचं जनावर वहिनी, त्याला कसला आलाय रोग?" भावजी हसले. ढिगावरची घाण आणि मेलेले उंदीर खाणारे हे जनावर! पण सणाचा दिवस, मी गप्प बसले.

चार महिन्यांनी भावजींच्या शौचातून पांढऱ्या फितीसारखे तुकडे पडू लागले. लाजेपायी त्यांनी कुणाला सांगितले नाही. पुढे दीड वर्षाने सासूबाईंना भाकरी थापताना फेफरे आले. अंगारे-धुपारे झाले. शेवटी इस्पितळात मेंदूचा फोटो काढला, तर आत अळीची गाठ!

"मी जन्मात मटणाला शिवले नाही हो," म्हणून त्या रडू लागल्या.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, तेव्हा भावजींचे बिंग फुटले. डुकराच्या मांसात, मग ते गावठी असो वा रानटी, साबुदाण्यासारखे फोड असू शकतात. अर्धेकच्चे खाल्ले की पोटात कित्येक हात लांबीचा चपटा जंत वाढतो. त्याची अंडी शौचातून पडतात, नीट न धुतलेल्या हातांनी पाण्यात, कोशिंबिरीत जातात. ती ज्याच्या पोटात जातील, त्याच्या मेंदूत अळी बसू शकते. त्याने मांस खाल्लेले असो वा नसो. उघड्यावर शौचास बसण्याची सवय असेल तिथे शेतातली भाजीही सुटत नाही.

रानडुकरात डोळ्यांना न दिसणारे दुसरे कृमीही असू शकतात. त्यांनी ताप येतो, पापण्या सुजतात, अंग ठणकते. मीठ लावून, धुरी देऊन वाळवलेल्या मांसाचाही भरवसा नाही. आतपर्यंत शिजलेच पाहिजे.

भावजींना जंताचे औषध दिले. सासूबाईंचे औषध मात्र डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली चालवले. मेंदूत गाठ असताना जंताच्या गोळ्या मनाने घेतल्या तर फेफरे वाढू शकते म्हणे.

सासूबाई आता बऱ्या आहेत. फेफऱ्याची गोळी रात्री भावजीच आठवणीने देतात. त्याआधी मोरीत बसून साबणाने हात धुतात, नखे घासतात. सासूबाई म्हणतात, "पुरे रे, कातडं जाईल."