नाव घातलेली परात

आमच्या गावात लग्न निघाले की घरोघरची भांडी मांडवात गोळा होतात. मी तिसरीत असताना मायने आपली माहेरची पितळी परात अशीच शेजारच्या लग्नाला दिली. मांडव मोडल्यावर ढिगातून सारख्याच दोन पराती निघाल्या. नाव एकीवरही नव्हते. मायची दुसऱ्याच बाईने उचलली. "पोचा ओळखते मी, पण मानतंय कोण?" एवढेच माय म्हणाली. पुढच्या बाजारी गंगाखेडला जाऊन तिने उरलेल्या भांड्यांवर बापाचे नाव घालून आणले. तिला वाचता येत नव्हते. ते मी वाचून दाखवले. माझी शाळा घराच्या कामी आली ती त्या दिवशी पहिल्यांदा!

ही परात यंदा आठवली ती संगणकाच्या वर्गात. स्नेहसंमेलनासाठी मी व माझ्या मित्राने जावास्क्रिप्टमध्ये एक पान केले. वक्तृत्वाच्या गुणांची बेरीज माझ्या फाइलीत, हजेरीची त्याच्या. वेगवेगळ्या दोन्ही बरोबर चालत. एकत्र जोडल्या आणि एका स्पर्धकाला 100 पैकी 182 गुण मिळाले! चूक कोठेच दिसेना. रात्री उशिरा उमगले: दोघांनीही बेरजेला 'टोटल' हेच नाव दिले होते. 'व्हार' लिहून फंक्शनच्या बाहेर ठेवलेले नाव पानावरच्या सर्व फाइलींचे सामाईक होते. त्याच्या 118 हजेरीवर माझे 64 गुण चढले होते.

ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये ही भाषा केली, ती पानावरच्या लहानसहान कामांसाठी. पुढे एकेका पानावर अनेकांच्या लायब्रऱ्या आल्या. अंगण मात्र एकच. 'प्रोटोटाइप' व 'जेक्वेरी' दोघींनीही डॉलरचे चिन्हच नाव म्हणून घेतले. तेव्हा ते चिन्ह आधीच्या मालकाला परत करण्याची सोय जेक्वेरीला ठेवावी लागली. शहाणी लायब्ररी आपला संसार एका फंक्शनच्या आत मांडते आणि बाहेर एकच नाव ठेवते. 2015 पासून तर भाषेतच मॉड्यूल आले. आता मॉड्यूल म्हणून जोडलेल्या प्रत्येक फाइलीला आपली भिंत आहे, आणि जे द्यायचे तेवढेच सांगून बाहेर द्यायचे.

मी माझे सारे फंक्शनमध्ये घातले. गुण जुळले.

"रातभर काय करत होतास रे?" मायने विचारले.

"दोन पराती सारख्या निघाल्या, माय."

"मग नाव घालायचं की आधीच!"

हा धडा मी पुस्तकातून शिकलो. मायने त्यासाठी एक परात मोजली होती.

— बी. ए. द्वितीय वर्ष