काकांचा हप्ता आणि कपाटातलं पांढरं रेशनकार्ड

परवा रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरचे काका पाकीट घेऊन वर आले. "तू पेपरवाला ना, हे जरा वाचून सांग." आरोग्य विम्याची रिन्यूअलची नोटीस होती. काका ७२ चे, काकू ६६ च्या. दोघांचा मिळून तीन लाखांचा विमा आणि हप्ता ४३,४०० रुपये. काकांची पीएफची पेन्शन महिना तीन हजारांच्या आत. मी मान वर करायच्या आधीच म्हणाले, "यंदा सोडून देतो. चौदा वर्षं भरतोय, एकदाच क्लेम केला मोतीबिंदूचा, त्यातही कापलेच."

गंमत अशी की गेल्या वर्षीचा हप्ता याहून जास्त होता. ३९,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४६,६१०. वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. पण गेल्या वर्षी पैसे मुलाने भरले होते. यंदा त्याचंच काही खरं नाही. हे काका बोलले नाहीत, काकू बोलल्या, तेही जिन्यात.

ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, सल्लामसलत करायची, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. चांगलं झालं. पण दरवर्षी दहा टक्के म्हटलं तरी सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो. पेन्शन कुठे वाढते?

तरी काकांना म्हटलं, सोडू नका. हे मी स्वतः पोळलोय म्हणून सांगतोय.

२०२१ मध्ये आमच्या पेपरची आवृत्ती बंद झाली आणि नोकरीबरोबर ऑफिसची ग्रुप पॉलिसीही गेली. बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं प्रतीक्षेच्या काळात धरली जातात, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. इतरांच्या हक्कांच्या बातम्या करणारा माणूस! चार महिन्यांनी नवी पॉलिसी घेतली आणि आईच्या डायबिटीसचं घड्याळ शून्यावर आलं. पुढच्या वर्षी तिच्या पायाची जखम चिघळली. क्लेम नाकारला: आधीपासूनचा आजार, प्रतीक्षा पूर्ण नाही. १ लाख ३८ हजार खिशातून गेले. कंपनीला शिव्या घातल्या, पण कागदावर त्यांचं बरोबर होतं.

आता ही प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, तेव्हा चार होती. आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की 'तुम्ही अमुक आजार लपवलात' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. काकांची चौदा वर्षं झालीत. हीच त्यांची कमाई आहे, आणि एक हप्ता न भरता ती जाते. वयाच्या ७२ व्या वर्षी नवी पॉलिसी शोधून बघा, मग कळेल.

मग मी विचारलं, "काका, रेशनकार्ड कुठलं?" हसले. "पांढरं. गिरगावच्या पत्त्यावरचं. त्याचा काय उपयोग, धान्य थोडंच मिळतं?"

बोरीवलीत निम्म्या घरांची हीच कथा असेल. चाळ सोडून इकडे आलो आणि कार्ड कपाटात गेलं. पण १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पांढरं कार्डवालेही आले आहेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पूर्वी दीड लाख होते आणि आपल्यासारख्यांना दारच बंद होतं. आईच्या वेळी हे असतं तर, असं मनात येतंच. शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आधार पुरे. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. म्हणजे काकांना वय वंदना आणि काकूंना रेशनकार्डावर फुले योजना.

इथे लगेच 'मग विमा कशाला' म्हणून उड्या मारू नका. योजना यादीतल्या हॉस्पिटलात चालते, यादीतल्या उपचारांना चालते, आणि जनरल वॉर्डात. तुमच्या घराजवळचं चकचकीत हॉस्पिटल यादीत असेलच असं नाही. आजारी पडायच्या आधी १५५३८८ वर फोन करून आपल्या भागातली नावं लिहून घ्या. हॉस्पिटलात गेल्यावर आरोग्यमित्राचा टेबल शोधा, कॅश काउंटर नंतर.

आणि स्वस्त पॉलिसी घेताना खोलीभाड्याची ओळ वाचा. काकांच्या पॉलिसीत भाडं विम्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. सहा हजारांची खोली घेतली तर फक्त वरचं भाडं कापतात असं लोकांना वाटतं. नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं, कापतात. औषधं, तपासण्या आणि आयसीयू यातून वगळलेत. व्हॉट्सॲपवर 'रोज वीस रुपयांत एक कोटी' पाठवणारे ही ओळ पाठवत नाहीत.

काकांच्या मोतीबिंदूची कपात बरोबर होती की नाही, आता कळून उपयोग नाही. विमा लोकपालांचं ऑफिस सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर आहे, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पण कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभरात जावं लागतं. काकांना चार वर्षं झाली.

शेवटी ठरलं ते असं. हप्ता भरायचा, मुलगा अर्धा देतो म्हणालाय, उरलेल्यासाठी एक छोटी एफडी मोडायची. वय वंदना कार्ड माझ्याच मोबाइलवर करून दिलं, ओटीपी दोनदा चुकला तेवढंच. घोडं अडलंय काकूंच्या नावावर. रेशनकार्डावर 'सुमती' आणि आधारवर 'सुमन'. लग्नानंतर सासूने बदललेलं नाव, पन्नास वर्षांनी आडवं आलं. मंगळवारी दोघांना घेऊन रेशनिंग ऑफिसात जातोय. काका विचारत होते, जाण्याआधी कार्ड लॅमिनेट करून घेऊ का. म्हटलं, काका, आधी नाव तर दुरुस्त होऊ द्या.