जटपुऱ्याच्या सिंहापासून उशेगावच्या पितळेपर्यंत

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाखालून दिवसभर ऑटो, ट्रक, सायकली जातात. मान वर केली तर दगडात कोरलेला सिंह हत्तीला पायाखाली घेऊन उभा दिसतो. गोंड राजांचं हे राजचिन्ह. 1751 साली नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं, राज्य घेतलं, वेशीवरचा सिंह मात्र तसाच राहिला.

बल्लारपूर मागे टाकून वर्धा नदी ओलांडली की राजुरा. भाषावार प्रांतरचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे गडचांदूरजवळ जंगलात माणिकगड आहे. तो नागवंशी राजांचा मानतात आणि त्याच्या दारावर नाग आहे. राज्य कुणाचं होतं, हे इथे वेशीच सांगतात.

पण याच डोंगररांगांत तेलंगणाकडे उतरलं की चिन्हं राजांची राहत नाहीत. गोंडांच्या पर्सापेन या देवाला चेहरा नाही. भाल्याचं लोखंडी पातं आणि चवरी हेच देवाचं रूप. या लोकांसाठी मूर्ती, घंटा, दागिने ओतणारे कारागीर म्हणजे उशेगावचे ओझा. आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून नक्षी, वर पुन्हा मातीचे लेप. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी तापलेलं पितळ शिरतं. वस्तू काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून हुबेहूब दुसरी वस्तू होत नाही. मोहेंजोदडोची नर्तकी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी अशीच मेण वितळवून ओतली गेली. गडचिरोलीच्या भामरागडपलीकडे, इंद्रावतीच्या पार बस्तरमध्ये, घडवा कारागीर याच रीतीने झिटकू-मिटकी या प्रेमी जोडप्याच्या मूर्ती करतात.

पश्चिम आफ्रिकेतले अकान लोकही मेण वितळवूनच पितळेची इवली वजनं ओतत. त्या वजनांनी सोन्याची भुकटी तोलली जाई आणि त्यांच्या आकारांत म्हणी असत. मागे वळून पाहणारा पक्षी म्हणजे विसरलेलं परत जाऊन घ्यावं. एकाच पोटाच्या दोन मगरी म्हणजे घास एकाच पोटात जाणार, तरी भांडण. व्यवहाराच्या तराजूत म्हणी ठेवणारी ही माणसं मला आपल्या ओझांची सख्खी वाटतात. दोघांनीही पितळेकडून ग्रंथाचं काम करून घेतलं.

2018 साली ओझांच्या या ओतकामाला ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण आलं, अर्थाला नाही. शहरातल्या प्रदर्शनात अशी मूर्ती हाती घ्याल, तेव्हा किमतीआधी विचारा: हा कोणाचा देव, ही कोणाची गोष्ट? आणि कारागीर सांगू लागला, तर घासाघीस न करता शेवटपर्यंत ऐका.