पिवळ्या वायरीची करामत

किल स्विच दाबला, इंजिन थांबलं आणि कुणी हात न लावता हेडलाईट विझला! चावी चालूच होती, न्यूट्रलचा हिरवा दिवा पेटलेलाच होता, फक्त हेडलाईट गेला. मग सेल्फ मारला. इंजिन धडधडायला लागलं, सीटखालून ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि समोरची गोठ्याची भिंत लख्ख उजळली. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. शेवटी घरातून विचारणा झाली की पेट्रोल काय नळाला येतं का? येत नाही, मान्य. पण मी त्या वेळी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो!

वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला या गोष्टीचं एवढं अप्रूप का, ते सांगतो. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं आणि पंपाची लाईन रात्रीची. शेलूबाजारच्या अलीकडून समृद्धी महामार्गावर गाड्या सुसाट जात असतात. तिथे दुचाकीला बंदी, आणि आपली वाट तशीही धुऱ्याधुऱ्यानं विहिरीकडे जाणारी. स्टार्टरच्या पेटीपाशी गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि चावी चालू ठेवून हेडलाईटच्या उजेडात फ्यूज बघायचा. तेवढ्यात पलीकडे रोही, म्हणजे नीलगायी, शिरलेले दिसतात, त्यांना हुसकायला पळायचं. परत येईपर्यंत उजेड पिवळट झालेला आणि सेल्फ दाबला की नुसतं ‘कट् कट्’. बॅटरी बसली!

हिशेब सोपा आहे. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर ओढतो. बॅटरी ९ अँपिअर-तासांची. म्हणजे कागदावर दोन तास, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याच्याही कितीतरी आधी सेल्फपुरता जीव उरत नाही, कारण सेल्फला त्या क्षणी हेडलाईटच्या कितीतरी पट करंट लागतो.

यावर उपाय शोधताना मला आठवली लूना! पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली काढलेली ती चिमुकली मोपेड. तिचा दिवा थेट मॅग्नेटच्या कॉईलवर चालायचा. इंजिन फिरतंय तोवर उजेड, इंजिन थांबलं की अंधार. विसरायची सोयच नाही! आधीच्या बहुतेक मोटारसायकलींचंही हेच. त्यात खोड एकच, पण मोठी: खड्डा आला म्हणून गाडी हळू करावी तर नेमका तिथेच उजेड मंद व्हायचा. म्हणून हेडलाईट बॅटरीवर आले, संथ गाडीलाही झकास उजेड मिळाला, पण इंजिनाशी त्यांचं नातं तुटलं. मला दोन्ही हवं होतं. उजेड बॅटरीचा आणि हुकूम इंजिनाचा.

पण इंजिन चालू आहे हे वायरीला कळणार कसं? आधी वाटलं, बॅटरीचा व्होल्टेज बघावा. बंद गाडीत साधारण १२.६, चालू गाडीत १४ च्या आसपास. पण हा फरक फारच थोडा, आणि इंजिन थांबल्यावरही आकडा लगेच खाली येत नाही, रेंगाळतो. तिथे मी अडलो होतो. तेव्हा वाशीमच्या पाटणी चौकाकडे एका ऑटो इलेक्ट्रिशियन भाऊंनी हातातली पकड खाली न ठेवता सांगितलं, “बॅटरीले कायले इचारता? मॅग्नेटले इचारा ना!”

खरंच की! मॅग्नेटमधून तीन पिवळ्या वायरी निघतात आणि रेग्युलेटरकडे जातात. त्या वायरींत करंट असतो तो फक्त इंजिन फिरत असतानाच. इंजिन थांबलं की तिथे शून्य. बॅटरीचा करंट उलटा तिकडे येत नाही, कारण रेग्युलेटरमधले डायोड त्याला आडवे उभे असतात. म्हणजे इंजिन जिवंत आहे की नाही याची खरी साक्ष पहिल्यापासून आपल्या सीटखाली गुंडाळून पडलेली होती!

पुढचं काम सुट्या भागांचं, आणि ते भाग किती साधे! एक पाच पायांचा १२ व्होल्टचा रिले, हॉर्नला लावतात तोच. त्याच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए. हे आकडे जर्मन मानकातून आलेत आणि जगभरच्या गाड्यांत तेच चालतात. मला हे कळलं तेव्हा वाशीमच्या दुकानातली ती काळी डबी एकदम मोठी वाटायला लागली! चावीकडून हेडलाईटच्या स्विचला जाणारी वायर मध्ये तोडायची, चावीकडचं टोक १० अँपिअरच्या फ्यूजमधून ३० ला, स्विचकडचं टोक ८७ ला. ८५ ला अर्थ. आणि ८६ ला आपली पिवळी वायर, पण थेट नाही. मॅग्नेटचा करंट एसी, म्हणून वाटेत एक १एन४००७ डायोड, आणि डायोडच्या पुढे, ८६ आणि अर्थ यांच्यामध्ये, १००० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा कंडेन्सर.

कंडेन्सर न लावता मुद्दाम गाडी चालवून पाहिली. रिले बाटलीत कोंडलेल्या भुंग्यासारखा गुणगुणतो आणि हेडलाईट थरथरतो, कारण त्याला करंट धक्क्याधक्क्यानं मिळत असतो. कंडेन्सर दोन धक्क्यांमधली फट भरून काढतो. त्याचा पट्टा असलेला पाय अर्थकडेच गेला पाहिजे, आणि डायोडची रुपेरी रेघ रिलेकडे. डाग दिला, वर स्लीव्ह चढवली, टेप गुंडाळली, की झालं.

आणखी एक फायदा तर फुकटातच पदरात पडला. इंजिन पेट घेईपर्यंत हेडलाईट लागतच नाही, म्हणजे सेल्फ मारताना बॅटरीचा सगळा जोर सेल्फलाच! थंडीतल्या पहाटे हा फरक कानांना कळतो. हेडलाईटचा स्विच मी आता कायम चालूवरच ठेवतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाईट आपोआप लागण्याची सक्ती झाली. माझ्या त्याआधीच्या गाडीलाही आता तेच जमतं. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसाढवळ्या गाड्या दिवे लावून चालवतात, आपल्याकडे अजून समोरचा हातवारे करून सांगतो, “लाईट चालू हाय!” सांगू द्या बापडा. बीएस-सिक्स गाडीच्या वायरिंगला मात्र हात लावू नये. त्यातल्या कित्येकींत ही सोय मुळातच असते आणि तिथे कॉम्प्युटर बसलेला असतो.

धोकाही आहे, तो लपवत नाही. रात्री चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं तर समोर काळोख. म्हणून मागचा दिवा आणि पुढचा छोटा पार्किंगचा बल्ब मी रिलेत घेतलेले नाहीत. ते चावीवरच राहतात.

शेजारच्या काकांना मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यांनी दोनदा इंजिन बंद-चालू करून पाहिलं आणि म्हणाले, “सब्बन बरं हाय रे, पण मले विहिरीवर उजीड लागंन तवा काय करू? इंजिन चालू ठिऊ रातभर?”

आणि तेव्हा त्या पाचव्या पायाकडे लक्ष गेलं. ८७ए! रिले सुटलेला असतो तेव्हा ३० चा करंट आपसूक तिकडे जातो. म्हणजे जेव्हा हेडलाईट बंद, तेव्हाच ८७ए चालू! तिथे एक छोटा स्विच आणि ३ वॉटचा एलईडी जोडला. पाव अँपिअर फक्त! त्याच बॅटरीवर कागदावरचे दोन तास छत्तीस होतात. स्टार्टरची पेटी उघडून फ्यूज बघायला तेवढा उजेड भरपूर झाला, आणि गाडी सुरू केली की हा एलईडी आपोआप विझून हेडलाईट लागतो. काकांनी आता स्वतःच्या गाडीसाठी रिले आणून ठेवलाय. येत्या रविवारी त्यांचं वायरिंग उघडायचं आहे, आणि त्यांच्या भाच्याचीही गाडी त्याच दिवशी येणार आहे म्हणतात.