ब्रेटफर्टनचे ‘फ्लीस इन’

इंग्लंडातील ‘पब’ म्हटले की आपल्या मनात प्रथम मद्याचे पेलेच येतात. परंतु वुस्टरशर परगण्यातील ब्रेटफर्टन या खेड्यातले ‘फ्लीस इन’ पाहावयाचे ते एक घर म्हणून. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेले हे मुळात शेतकऱ्याचे घर. एकाच लांबट छपराखाली एका अंगास माणसे राहत, दुसऱ्या अंगास गुरे. ज्यांचे बालपण गोठ्याला लागून असलेल्या माजघरात गेले आहे, त्यांना याचे नवल वाटावयाचे नाही.

बांधणीही ओळखीची वाटेल. ओकच्या जाड खांबांचा व तुळयांचा सांगाडा उभारावयाचा, सांधे लाकडी खुंट्या ठोकून पक्के करावयाचे आणि मग मधल्या चौकटी भरावयाच्या. त्या काळी काटक्या विणून त्यांवर माती लिंपीत; आपण कुडाची भिंत म्हणतो, तीच ही. सारा भार सांगाड्यावर असल्यामुळे मधली भरण पुढे कितीदा बदलली तरी घर ढळत नाही.

आत दगडी फरशीवर, शेकोटीच्या चुलाण्यासमोर, खडूची पांढरी वर्तुळे दिसतील. चेटकिणी धुराड्यातून घरात उतरतात, अशी समजूत होती. त्यांची वाट अडविण्यासाठी ही योजना! दार सोडून त्या धुराड्याने का येत, हे मात्र विचारू नये.

१८४८ मध्ये या घराचे पब झाले, तरी घराणे तेच राहिले. त्यातील शेवटच्या मालकीण लोला टॅप्लिन १९७७ मध्ये वारल्या आणि ही वास्तू त्यांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसा जपणाऱ्या संस्थेस मृत्युपत्राने दिली. मात्र बटाट्याचे वेफर्स येथे विकावयाचे नाहीत, अशी अट घातली! हसू येते खरे. पण बाईंना आपले घर कसे राहावयास हवे हे नेमके ठाऊक होते.

संस्थेने येथे संग्रहालय थाटले नाही, पबच चालू ठेवला. मला हे फार मोलाचे वाटते. कारण रोज चूल पेटणाऱ्या घरात धोकाही रोजचाच असतो. फेब्रुवारी २००४ मध्ये गवताच्या छपराने पेट घेतला. वरचा भाग जळाला. सतराव्या शतकातील कथिलमिश्रित धातूची ताटे मात्र वाचली. दुरुस्ती होऊन २००५ मध्ये दारे पुन्हा उघडली. ती ताटे आज तेथेच, जुन्या फडताळात उभी मांडलेली आहेत, आणि त्यांच्यासमोर बसून गावकरी गप्पा मारीत असतात.